दोमलांची ढवळणी

आमच्या सुनेनं, मुहय्योनं, विज्ञानात नाव काढलं तेव्हा ते ताश्कंदभर सांगायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. माझा मुलगा बहरोम लाजाळू. बायकोचं कौतुक करायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात. मग उरलं कोण? आणि मी सांगायला बसले की गोष्ट जरा फुगते, तंदूरमधल्या रोटीसारखी. त्याला माझा इलाज नाही. माझ्या मामाच्या शेतात एकदा असलं खरबूज धरलं होतं की दोन जावई त्यात बसून पत्ते खेळायचे आणि सासूनं हाक मारली तर बी थुंकून मगच ओ द्यायचे. खोटं वाटत असेल तर शेजारच्या होसियतला विचारा. ती माझ्याहून खोटारडी आहे, दोनाचे चार जावई करून सांगेल.

तर मुहय्यो. ती वनस्पतींमधली रसायनं शोधणाऱ्या एका संस्थेत काम करते. तिनं मला आपलं काम एकदा गाजरं चिरता चिरता समजावलं, आणि मी ते महल्ल्याला पचेल असं करून घेतलं. आपण इसिरिकचं बी जाळून घरभर धूर फिरवतो ना, दृष्ट लागू नये म्हणून? त्या बियांत एक पदार्थ असतो. त्याचा एक कण म्हणजे एक महल्ला. घरं म्हणजे कार्बन, आणि बहुतेक दारांत एकेक राखणदार उभा, त्याचं नाव हायड्रोजन. काही राखणदार ऐकणारे असतात. बाकीचे निव्वळ दगड. चहा दिला तर घेत नाहीत, शिवी दिली तर रागवत नाहीत, आणि सगळे एकाच तोंडवळ्याचे. त्यातला नेमका एका दारातला उठवायचा, त्याच्या जागी आपला पाहुणा बसवायचा आणि शेजारच्या दारांना कळूही द्यायचं नाही. त्या दारात पाहुणा बसला तर उद्या त्याचं औषध होईल. भलत्या दारात बसला तर कचरा.

हे जगात लोक करतात, पण मध्यस्थ घालून. पॅलेडियम नावाचा धातू आहे, भारी महाग. तो म्हणजे स्थळं जुळवणारी बाई. आत शिरते, राखणदाराला उठवते, पाहुण्याला बसवते आणि स्वतः जशीच्या तशी बाहेर पडून पुढच्या दाराला जाते. तिची बिदागी परवडत नाही, आणि औषधात तिचा कण राहिला तर तो काढताना जीव जातो. मुहय्योनं दाखवून दिलं होतं की त्या बाईची गरजच नाही. साधा अल्क घाला, ऊब द्या, धीर धरा, दार उघडतं.

हे विज्ञानाच्या मासिकात छापून आलं. मुहय्योचं नाव पहिलं आणि तिच्या गुरूंचं, कुद्रत दोमलांचं शेवटी. तुम्हाला वाटेल शेवटचा तो खालचा. त्यांच्यात उलटं असतं, शेवटचा तो मोठा.

मग मी काय गप्प बसते? बाजारात सांगितलं, माझी सून पेट्रोलपासून औषध करते. तंदूरवालीला सांगितलं, जर्मनांनी तिला न्यायला विमान पाठवलंय, पण ती म्हणाली, सासूबाईंचे गुडघे दुखतात, येत नाही. आठवड्यात न्हाव्यानं माझीच गोष्ट मला ऐकवली, आणि तीत विमानाबरोबर एक घोडाही आला होता. मुहय्यो मला ओयी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणायची, "ओयी, नका हो असं सांगू. उद्या माझी मान खाली जाईल." मी म्हणायची, "मान खाली घालायला काय झालं? तुझी मान छान आहे. वर ठेव, लोकांना दिसू दे."

कुद्रत दोमला तिचे गुरू; दोमला म्हणजे आमच्याकडे गुरुजी. उंच, वाळलेले, बर्फासारखी भुवई. मुहय्यो बावीस-तेवीसची असताना त्यांच्याकडे शिकायला गेली आणि त्यांनी तिला 'किझिम' म्हटलं, म्हणजे लेकी. नुसतं तोंडानं नाही. तिच्या बाळंतपणात संस्थेच्या बागेतली डाळिंबं स्वतः घेऊन आले होते. आमच्याकडे उस्ताद आपल्या शागिर्दाला स्वतःचं एक हत्यार देतो. सुतार रंधा देतो, रोटीवाला रोटीवर नक्षी टोचायचा ठसा देतो. दोमलांनी मुहय्योला ढवळणी दिली.

शेंगदाण्याएवढी असते ती. आत चुंबक, वरून गुळगुळीत पांढरं आवरण. यंत्रावर काचेचा चंबू ठेवायचा, ती आत टाकायची, की आपोआप गरगर फिरून सगळं ढवळते. दोमलांनी तरुणपणापासून वापरलेली ती ढवळणी पांढरी कसली, घोड्याच्या दातासारखी करडी झाली होती आणि तिच्यावर काळे ओरखडे होते. त्यांनी दुआ करून ती तिच्या तळहातावर ठेवली. त्या दिवसापासून मुहय्योनं दुसऱ्या ढवळणीला हात लावला नाही. ती कुणी दिली ते माहीत नसलेल्या बाकीच्या हसायच्या. ही घरी मला म्हणायची, उस्तादाची बरकत आहे.

छापून आल्यावर रशियातल्या कझानहून एका मुलाचा संदेश आला. इल्नार त्याचं नाव, डॉक्टरेटचा विद्यार्थी. बाई, मी तुम्ही लिहिलंय तसंच करतोय, पण दार उघडत नाही, काय चुकतंय? मुहय्योनं दोनदा नीट उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, मला वाटतं तुमच्या प्रयोगात कुठूनतरी धातू येतोय. दोमला चिडले. बाजूला उभे राहून त्यांनी सांगितलं आणि हिनं लिहिलं: 'आधी आपली भांडी घासायला शिका, मग दुसऱ्यांच्या भांड्यांकडे बघा.' आणि त्याची एक प्रत त्याच्या गुरूंनाही पाठवली. घरी येऊन हिनंच मला हसत सांगितलं होतं. मीही हसले. मी तर महल्ल्यात सांगताना त्याला एक चमचाभर मीठ लावलं.

पुढे कळलं, त्याच्या गुरूंनी कुद्रत दोमलांचा शब्द मानला, पोराचा नाही. विषय काढून घेतला. पोरगा संस्था सोडून रंगाच्या दुकानात लागला.

त्या वर्षी वसंतातल्या नवरोझच्या सुमाराला जर्मनीहून एबेलिंगबाई येणार होत्या. ह्याच कामातल्या मोठ्या. आपल्या डोळ्यांनी बघू, म्हणाल्या, मग बरोबर काम करू. नवरोझच्या आधी हशर असतो, सगळ्यांनी मिळून झाडलोट करायची. संस्थेतही झाला. खिडक्या पुसल्या, भिंतीला चुना दिला, शिडी पडली आणि एक बाबा बादलीत बसला. मला सांगणाऱ्यानं सांगितलं की तो तसाच बसल्या बसल्या जेवला. नवी भांडी आली, नव्या पांढऱ्या ढवळण्या आल्या. दोमला म्हणाले, "किझिम, पाहुणीसमोर ती काळी शेंग नको आता. लाज जाईल."

मुहय्योनं ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि आपल्या लग्नाच्या पेटीत, ओढणीच्या घडीत ठेवली.

आणि नव्या ढवळणीनं प्रयोग चालेना.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, अल्कात दमट हवा गेली. दुसऱ्या दिवशी द्रावक बदलला. मग ऊब वाढवली, कमी केली, बिया पुन्हा कुटल्या. रोज संध्याकाळी ती एका छोट्या पट्टीवर थेंब लावून जांभळ्या दिव्याखाली बघायची. पाहुणा दारात बसला असेल तर पट्टीवर एक नवा ठिपका वर चढतो. तो चढायचा नाही. जुना ठिपका आपल्या जागी बसलेला, राखणदारासारखाच. घरी येऊन ती न बोलता जेवायची. बहरोमनं विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, भांडी स्वच्छ आहेत." मला वाटलं, काय चमत्कारिक उत्तर आहे.

मग सुमलक आलं, नवरोझची गोड खीर. अंगणात कढई चढवली, गव्हाच्या अंकुरांचा रस, पीठ, तेल, आणि बायका रात्रभर पाळीपाळीनं ढवळत बसल्या. तळाला लागू नये म्हणून आपण कढईत गोटे टाकतो. उकळीबरोबर ते लोळत राहतात आणि तळ खरवडत राहतात. गोटे आणायचं काम माझ्याकडे. नदीवर कोण जाणार माझ्या गुडघ्यांनी? फाटकापाशी होसियतच्या नवऱ्याच्या गाडीच्या चाकाला टेकू म्हणून एक गोटा लावलेला होता, गोल, गुळगुळीत, काळाभोर. मी तो उचलला. चांगला खसाखसा धुतला. नदीचेच आहेत सगळे, म्हणून टाकला.

सकाळी झाकण काढलं. रंग असा की सोनाराला हेवा वाटावा. वाट्या भरल्या. होसियतनं पहिला घास तोंडात घातला, चघळला, आणि माझ्याकडे बघितलं. ती मला ओपा म्हणते, म्हणजे ताई.

"ओपा, सुमलक केलंत की गाडीला तेलपाणी?"

"का गं?"

"नुसतं इंजिन लागतंय जिभेला."

"तुझ्या जिभेला नेहमीच काहीतरी लागत असतं."

पण सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. एकीनं वाटी तशीच खाली ठेवली. होसियत पळी घेऊन कढईत शोधायला लागली आणि तो गोटा काढून तिनं सगळ्यांसमोर धरला.

"हा आमच्या गाडीचा टेकू. वर्षभर तेल ठिबकतंय ह्याच्यावर. ओपा, तुम्ही बाई धन्य."

"मी दोनदा धुतला होता," मी म्हटलं. "आणि गोटा काय शिजतो का विरघळतो? तो नुसता ढवळतो. तो कुठली चव देणार?"

"गोटा नाही देत. गोट्यानं जे पिऊन ठेवलंय ते देतो. शिजल्यावर ओकतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, मला कसली लाज. मुहय्यो मात्र हसली नाही. ती वाटी हातात धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला वाटलं तिला ते तेल बाधलं. मी म्हटलं, "काय गं, ओकारी येतेय?" ती आत गेली. पेटी उघडल्याचा करकर आवाज आला. मग सणाचे कपडे अंगावर तसेच आणि ती संस्थेत निघून गेली.

संध्याकाळी परत आली आणि हात धुवायला बसली. धुतेय, धुतेय. पाणी थंड, हात लाल झालेले. मी तांब्या काढून घेतला.

"पुरे. कातडं निघेल."

"ओयी, जुनी ढवळणी टाकली. ठिपका चढला."

"मग चांगलंच झालं की."

"तिला आम्लात उकळून बघितली. पॅलेडियम सुटलं. दोमला तरुणपणी पॅलेडियमवरच काम करायचे. त्या ओरखड्यांत ते अजून भरून राहिलंय." ती माझ्याकडे बघत नव्हती, मोरीकडे बघत होती. "मध्यस्थ आतच होती, ओयी. सगळा वेळ. आणि मी जगाला सांगितलं, नाहीये."

 मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं? तू काय मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम नाही केलं. पण दुसरी ढवळणी घेऊन एकदाही करून बघितलं नाही. पहिल्या वर्षाची मुलगी बघते." पुढे म्हणाली, "आणि त्या पोराला मी लिहिलं, भांडी घासायला शिक."

मग ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गुडघ्यांवर हात ठेवून बसली, ओले हात, तशीच.

दुसऱ्या दिवशी तिनं दोमलांना सांगितलं. घरी येऊन ती माझ्याजवळ कांदे सोलायला बसली. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"दोमला खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, एबेलिंगबाई गुरुवारी येऊन शुक्रवारी जातायत. गुरुवारी जुनीच टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे दाखव, चालतं म्हणून. नंतर बघू, म्हणाले. मी वर्षाअखेर निवृत्त होतोय, म्हणाले. तोवर नंतर बघू."

"तू काय म्हणालीस?"

"मी 'बरं' म्हटलं, ओयी." कांद्यानं तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही. "ते आयुष्यात कधी माझ्याकडे न बघता बोलले नव्हते. मग मी आणखी काय म्हणणार?"

त्या घरात मी तेवढी एक बडबडी, आणि त्या आठवड्यात मीही मुकी झाले. गल्लीत बायका विचारायच्या, विमान कधी येतंय. मी म्हणायची, पायलटला गोवर आलाय. बायका हसायच्या, आणि मुहय्यो भिंतीच्या कडेनं घरी यायची.

गुरुवारी पाहुणीसाठी घरचं जेवण हवं म्हणून संस्थेनं माझ्याकडे समोसे मागितले होते. आमच्याकडचे, तंदूरमधले, भोपळ्याचे आणि मटणाचे. दारावरचा पहारेकरी माझ्या आत्याचा दीर लागतो, त्यानं मला थेट आत सोडलं. एबेलिंगबाई अशा उंच की दिव्याची तार त्यांच्या केसांत अडकत होती. थोडं वाढवून सांगते, पण फार नाही. रशियन बोलायच्या, हळू, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. त्यांनी मला वाकून सलाम केला. मला आवडल्या.

मी टोपली ठेवली आणि बघितलं. मुहय्यो यंत्रावर चंबू लावत होती. एक नाही, दोन. शेजारी शेजारी. दोन्हींत तेच द्रावण, तोच अल्क, तीच ऊब. एकात तिनं नवी पांढरी ढवळणी टाकली. मग खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि ती काळी शेंग दुसऱ्यात टाकली.

दोमला दारात उभे होते. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते आत आले आणि खुर्चीवर बसले.

हे शिजायला वेळ लागतो, तोवर जेवण. टेबलावर मी समोसे मांडले, रोट्या ठेवल्या. रोटी मोडायची ती वडीलधाऱ्यानं. दोमलांनी मोडली. तुकडे केले. मग त्या तुकड्यांचे तुकडे केले. एबेलिंगबाई समोसे खात होत्या, विचारत होत्या, भोपळ्यात काय घातलंय. मी खुणा करून सांगितलं, जिरं. दोमला तुकडेच करत होते. त्यांच्यापुढे चुऱ्याचा ढीग झाला, आणि आमच्याकडे रोटीचा कणसुद्धा कुणी असा सांडत नाही. मला तो ढीग बघवेना. मी हात पुढे करून तो माझ्या रुमालात गोळा केला. त्यांनी करू दिलं.

मग पट्टी. मुहय्योनं दोन्हींचा एकेक थेंब लावला, जांभळा दिवा लावला. डावीकडे एकच ठिपका, जुना. उजवीकडे दोन.

"दोन्हींत सगळं सारखं आहे," ती म्हणाली. आवाज असा की मी तिची सासू असूनही मला ओळखू आला नाही. "फरक ढवळणीचा आहे. काळी आहे तिच्यात पॅलेडियम आहे. आम्ही छापलं ते खोटं आहे. म्हणजे, धातू नको, हे खोटं आहे. मी ते मागे घेणार आहे."

एबेलिंगबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या असत्या तर मुहय्योला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "असं होतं. आमच्याकडेही झालंय. ही धातूची लबाडी फार जुनी आहे." आणि तिच्या दंडावर हात ठेवला. मुहय्यो त्या हाताखाली अशी लहान झाली की मला वाटलं, टोपलीत घालून घरी न्यावी.

मग बाईंनी सहज विचारलं, जसं कुणीही विचारेल, "ही ढवळणी कुणाची?"

खोलीत आम्ही चौघं होतो. यंत्र अजून फिरत होतं. दोमलांचे ओठ हलले, मी बघितलं. काही बाहेर आलं नाही.

"माझी," मुहय्यो म्हणाली. "मी पूर्वी पॅलेडियमवर काम करायची. धुवायची राहिली."

मी आयुष्यभर खोटं बोललेय, पोटभर, मजेनं. असलं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं पूर्वी पॅलेडियमला हात लावला नव्हता, हे दोमलांना माहीत होतं, मला माहीत होतं. एबेलिंगबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तरुणपणी होतं."

दोमला उठले, "मी जरा येतो" म्हणाले आणि गेले. परत आले नाहीत. बाईंना गाडीपर्यंत मी आणि मुहय्योनंच सोडलं.

छापलेला लेख मागे घेतल्याचं कळलं तेव्हा संस्थेत मुहय्योशी लोक बोलायचे, पण तिच्या भांड्यांकडे बघून बोलायचे. कुणी म्हणालं, दोमलांसारख्या माणसाचं नाव हिनं म्हातारपणी मातीत घातलं. ढवळणी हिची होती ना? हिनंच सांगितलं. गल्लीत होसियतनं मला विचारलं, "ओपा, ते विमान?" आणि माझं तोंड बघून तिनं विषय बदलला. होसियतनं. तिनं आपण होऊन विषय बदललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दोमला घरीच होते. बरं नाही म्हणून सांगितलेलं. मुहय्यो म्हणाली, मी जाऊन माफी मागते. मी म्हटलं, "माफी कशाची? माफी त्यांनी..." ती म्हणाली, "ओयी."  अशा कामाला एकटं जायचं नसतं, घरातलं वडीलधारं माणूस बरोबर लागतं. मी नवी ओढणी घेतली, रोट्या घेतल्या आणि तिच्याबरोबर गेले.

फाटक दोमलांनीच उघडलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, घरात एकटेच. अंगणात जर्दाळू फुलला होता, खाली पाकळ्यांचा सडा, कुणी झाडलेला नाही. त्यांनी आम्हाला बसवलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, बहरोमची केली, हवेची केली. मुहय्यो खाली बघत बसली होती. तिनं तोंड उघडलं, "दोमला, मी..." आणि त्यांनी हात वर केला.

चहा आणला. मला पेला दिला, तळ झाकेल इतका, मानाचा. मग तिचा भरला. ते ओतत राहिले. अर्धा झाला, पाऊण झाला, थांबले नाहीत, काठाला आला, फुगून थरथरायला लागला. मग थांबले आणि तो तसाच तिच्यापुढे ठेवला.

 भरलेला पेला म्हणजे, पी आणि ऊठ. आमच्यातलं शेंबडं पोरही ते ओळखतं. मी तोंड उघडणार होते, आणि मी तोंड उघडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण तेच आधी बोलले.

"रागानं भरला नाही," ते म्हणाले. पेल्याकडे बघत. "मला तू समोर बसलेली बघवत नाहीस, किझिम. ती बाई विचारत होती आणि मी ओठ मिटून बसलो. तू सांगितलंस, माझी, आणि मला हायसं वाटलं. हायसं. मी सत्तरीचा माणूस आहे."

मुहय्यो म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

"तेच तर. तू सांगणार नाहीस. मीही अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवतो, रोज संध्याकाळी उद्यावर ढकलतो." मग म्हणाले, "कझानच्या पोराला मात्र मी लिहीन. ते वाक्य माझं होतं, तुझ्या हातून लिहवलं."

"मी लिहिलंय, दोमला. त्याच्या गुरूंनाही लिहिलंय, की तो बरोबर होता."

"काय म्हणाला?"

"गुरू म्हणाले, कळवू. त्याचं उत्तर नाही आलं."

 तिनं तो पेला दोन्ही हातांनी उचलला. एवढा भरलेला की बोटांवर सांडला, आणि चहा नुकता उकळलेला. तिनं फुंकर घातली नाही. सगळा प्यायली, तळापर्यंत, आणि उलटा न करता, म्हणजे पुन्हा भरता येईल असा, खाली ठेवला. मग आम्ही उठलो. मी दुआ म्हटली, ते आमीन म्हणाले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि मधेच खाली घेतला.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. तिची बोटं लाल झाली होती. मी तिला मामाच्या खरबुजाची गोष्ट सांगावी म्हटलं, सुरुवातही केली. ती म्हणाली, "सांगा ओयी, ऐकतेय," आणि फोन उघडून त्या पोराच्या नावावर बोट ठेवून बघितलं. त्यानं वाचलं होतं, तसं दिसत होतं तिथे. खाली काही नव्हतं. तिनं फोन मिटला, आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा उघडला.

दोन जावई खरबुजात बसले होते तिथेच माझी गोष्ट राहिली.